ढोलकशेजारचा खर्ज

माझ्याकडे बेस गिटार शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांकडे हात बसण्याआधी सामान जमलेलं असतं. पायाशी ठेवायची वहीएवढी एक पेटी. तिच्यात अँपेगचे जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प, दहा इंची आणि पंधरा इंची स्पीकरची खोकी, नाना तऱ्हेचे इफेक्ट, सगळ्यांच्या हुबेहूब नकला भरलेल्या. इअरफोन लावले की झालं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, यातला कुठला टोन चांगला?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर द्यायला लागलो की मला १९८० च्या दशकातलं गिरगाव आणि धोबीतलाव आठवतं. तिथं हा प्रश्न असा कुणी विचारत नसे, कारण निवडायला समोर फारसं काही नव्हतंच. तरी प्रत्येकाचा टोन वेगळा होता. पडदा सरकण्याआधी विंगेतून नुसते दोन सूर आले की आज बेसवर कोण बसलंय ते आम्ही ओळखायचो.

इतक्या कमी सामानात इतके वेगवेगळे आवाज आले कुठून, याचा मी बरीच वर्षं विचार करतो आहे.

त्या काळी वाद्य परदेशातून मागवायचं तर सीमाशुल्कच एवढं लागे की फेंडर, रिकनबॅकर, म्युझिक मॅन ही नावं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या मासिकांतच बघायची. धोबीतलावचं फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं दुकान. काचेआड व्हायोलिनं, ट्रंपेट, पियानोच्या नोटेशनची पुस्तकं असत, आणि आम्ही शाळा सुटल्यावर तिथं नुसतं बघायला जायचो. कलकत्त्याच्या गिवसनच्या गिटारी आवाक्यातल्या होत्या. चांगला बेस मात्र बहुधा बोटीवरच्या माणसाबरोबर यायचा. गोव्याचे तारवटी सुट्टीवर येताना एखादं वाद्य घेऊन येत, आणि मग ते हातोहात फिरे : लग्नाच्या बँडमधून हॉटेलच्या बँडमध्ये, तिथून हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात. माझ्याकडे आलेला बेस असाच होता. जपानी बनावटीचा, हेडवरचं नाव पुसून गेलेला, नेक किंचित वाकलेली. वरच्या फ्रेटवर तार उंच राही आणि बोटं सोलवटत. त्याच्यावर एकच पिकअप आणि दोनच बटणं होती, व्हॉल्यूम आणि टोन.

टोन म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळलं ते धोबीतलावला गोवेकरांच्या एका क्लबात. कूड म्हणत त्याला. गोव्यातल्या गावांनी आपापल्या माणसांसाठी मुंबईत अशा जागा करून ठेवल्या होत्या. भिंतीला लागून ट्रंका, एका बाजूला देव्हारा, आणि नोकरी शोधायला आलेला, बोटीच्या बोलावण्याची वाट बघणारा, स्टुडिओत वाजवणारा अशी सगळी मंडळी तिथं एकत्र. तिथं राहणारे एक अंकल सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी डबल बेस वाजवत, मग इलेक्ट्रिक बेसवर आले होते. माझा बेस त्यांनी मांडीवर घेतला, चारही तारा छेडून बघितल्या आणि काही न बोलता ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा एक तुकडा सरकवला. सूर एकदम आखूड झाला, गोल झाला. मग ते म्हणाले, ‘मॅन, पैला ढोलक सुन. उसने जिदर जगा छोडा, उदर तेरा टोन.’

हे वाक्य मी पुढं किती जणांना ऐकवलं असेल! त्या दिवशी मला ते नुसतं तालासंबंधी वाटलं होतं. ते आवाजाच्या जागेविषयीही आहे, हे मंडपात वाजवायला लागल्यावर कळलं.

अंकलचा स्पंज ही त्यांची स्वतःची युक्ती नव्हती. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्यांच्यासमोर डबल बेस वाजवणारेच वादक होते. डबल बेसचा सूर जाड, काळसर आणि लवकर विरणारा. इलेक्ट्रिक बेसही तसाच वाजावा म्हणून त्याच्यावर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा असत, आणि पुढं ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली तारांना टेकणारा स्पंजही बसवलेला असे. वादकांनी पुढं झाकण काढून फेकलं आणि त्याच्याबरोबर स्पंजही गेला. मुंबईच्या स्टुडिओंत मात्र डबल बेसची सवय असलेले कान होते, त्यामुळे तो गोल, आखूड आवाज बराच काळ टिकला.

ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुल देव बर्मन यांची रेकॉर्डिंग होत, त्या काळातला बेस आमच्या पिढीच्या कानात बसला. बेसवर टोनी वाझ, तालवाद्यांच्या ताफ्यात मारुतीराव कीर. या गाण्यांत बेस षड्ज-पंचम धरून बसून राहत नाही. तो गाण्याच्या बरोबरीनं चालतो, मध्येच थांबतो, तबल्याला किंवा मादलला वाट देतो. चरणजित सिंग हेही सिनेमाच्या स्टुडिओंतलेच वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडच्या टीबी-३०३ या बेसचा आवाज काढणाऱ्या यंत्रावर दहा राग बांधून एक रेकॉर्ड काढली, आणि पुढं कितीतरी वर्षांनी युरोपातल्या नाचगाण्याच्या शौकिनांनी ती डोक्यावर घेतली. आमच्यापैकी कुणी ती तेव्हा ऐकली नव्हती. तेव्हा आमचं ऐकणं विविध भारती आणि कॅसेट एवढंच होतं.

आता हे ऐकणं कसं होतं ते जरा सांगायला हवं, कारण टोनची आवड तिथंच घडली. बेसची सगळ्यांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. तळहाताएवढा स्पीकर असलेल्या ट्रान्झिस्टरमधून ती कंपनं बाहेर येऊच शकत नाहीत. आपल्या कानावर पडतात ते तिच्यातले वरचे स्वरांश, आणि खालचा मूळ सूर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणजे आम्ही बेस ओळखायला शिकलो तो त्याच्या मधल्या आणि वरच्या अंगावरून. पोटात घुमणारा आवाज म्हणजे बेस, ही समजूत आमच्याकडे नव्हतीच. बोट तारेवर पडल्याचा ठोका, त्याच्या मागून येणारी गोलाई आणि सूर कुठं तोडला ती जागा, एवढंच आम्हाला ऐकू येई आणि तेवढंच आम्ही उचलायचो.

अ‍ॅम्प मात्र करून घ्यावा लागे. लॅमिंग्टन रोडवरून २एन३०५५ ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि पंधरा इंची स्पीकर आणायचा, ओळखीच्या कारागिराकडून सर्किट बसवून घ्यायचं आणि सुताराकडून जाड प्लायचं खोकं. पुण्यातले मित्र हीच खरेदी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत करत. खोकं किती मोठं असावं, पुढच्या फळीला भोक कुठं पाडावं, यावर आमच्यात तासन्‌तास वाद होत. खोकं लहान झालं तर आवाज कोंडतो, मागची फळी सैल राहिली तर सूर खडखडतो, हे आम्ही हातानं करून शिकलो. प्रत्येकाचा अ‍ॅम्प दुसऱ्याहून वेगळा निघे, आणि वाजवणाऱ्याला त्याच्या गुणदोषांसकट त्याच्याबरोबर राहावं लागे. माझ्या खोक्याला मधल्या पट्ट्यात एक उठाव होता. तो कुणी ठरवून दिलेला नव्हता, पण भरलेल्या मंडपात माझा बेस शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू जाई तो त्याच्यामुळेच.

गणेशोत्सवात तर स्वतःचा अ‍ॅम्प न्यायची सोयही नसे. एका रात्री दोन वाड्या, टेम्पोत जागा नाही, आणि मंडळाचा साउंडवाला म्हणायचा, ‘दादा, वायर इकडं द्या.’ मग बेस सरळ आहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, आणि बाहेर खांबाला बांधलेले कॉलम आणि भोंगे. भोंग्यातून खर्ज येतच नाही. तिथं आम्ही उजवा हात नेककडे सरकवायचो, नखाऐवजी अंगठ्याच्या मांसल भागानं तार दाबून सोडायचो, टोनचं बटण अर्ध्यावर आणायचो. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा पुण्याच्या बालगंधर्वला प्रोग्रॅम असला की लाकडी रंगमंच खालून घुमायचा. मग हात ब्रिजकडे, सूर आखूड. टोन दर रात्री नव्यानं लावला जाई, आणि लावताना कान ढोलकवाल्याकडे असे.

कारण जागेची खरी वाटणी त्याच्याशीच होती. पाश्चात्त्य बँडमध्ये बेसच्या बाजूला ड्रमसेटचा पायाचा ढोल असतो. तो धप्पकन वाजतो आणि संपतो. आमच्याकडे ढोलकचा डावा असतो, तबल्याचा डग्गा असतो. डग्गा नुसता वाजत नाही, मनगटाच्या दाबानं वर-खाली सरकतो, त्याची स्वतःची मींड असते. बेसनं खाली लांब सूर धरून ठेवला तर ती मींड बुडते. दोघांनाही एकच पट्टा हवा असतो. म्हणून आमच्यातल्या जाणत्या बेसवाल्यांचा टोन आखूड होता, मधोमध भरलेला होता, आणि खालचा भाग ते जाणूनबुजून कमी ठेवत. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ढोलकवाल्यानं मान वळवून बघितलं की कळायचं.

तारांची गोष्ट तर वेगळीच. राउंडवाउंड म्हणजे गोल तारेचा वेढा दिलेली, खरखरीत, खणखणीत वाजणारी तार. फ्लॅटवाउंड म्हणजे चपट्या पट्टीचा वेढा, हाताला गुळगुळीत, आवाजाला शांत. नवा संच मिळणं दुर्मीळ आणि महाग, त्यामुळे राउंडवाउंडच्या वेढ्यांत घाम आणि मळ साचून तारा मेल्या की त्या काढून पातेल्यात उकळायच्या. मळ सुटतो आणि चमक काही दिवस परत येते. आमच्या चाळीतल्या स्वयंपाकघरात हा उद्योग झाल्यावर त्या पातेल्यावर आईनं पुन्हा हक्क सांगितला नाही. आमच्या गटातला एक जण मात्र तारा कधीच उकळत नसे. त्याला मेलेल्या तारेचाच आवाज आवडायचा. आम्ही त्याला समजवायचो, पण त्याला लावण्या आणि जुनी भावगीतं वाजवायची असत आणि त्यांना तोच आवाज शोभे.

पुष्कळ वर्षांनी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या जेम्स जेमर्सन यांच्याविषयी वाचलं आणि तो मित्रच डोळ्यांसमोर आला. जेमर्सन यांच्याकडे १९६२ सालचा प्रिसिजन होता. त्याच्यावर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा, झाकणाखाली स्पंज, आणि वाजवायला उजव्या हाताची एकटी तर्जनी. तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत हा त्यांचा शिरस्ता. रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा अ‍ॅम्पही नाही, वायर सरळ टेबलाला. मोटाउनच्या त्या छोट्या खोलीत पियानो, दोन-तीन गिटारी, ड्रम, डफली, सगळे एकदम वाजत. त्या गर्दीत जाड, बुजलेला सूरच उठून दिसे. त्याच दशकात इंग्लंडमध्ये द हू या बँडचे जॉन एंटविसल रोटोसाउंडच्या नव्या राउंडवाउंड तारांच्या मागे लागले. त्यांना पियानोच्या खालच्या तारांचा खणखणाट हवा होता, आणि त्यालाही कारण होतं. बँडमध्ये गिटार एकच, ड्रमर सतत सगळीकडे वाजवणारा, मधली जागा रिकामी. ती बेसनं भरायची होती. या दोघांच्या तारा अदलाबदल करून बघा, दोन्ही बँड बिघडतील. टोनवरच्या सगळ्या वादांत मला हेच उदाहरण सगळ्यांत पटतं.

मला स्वतःला आवडणारा टोन मात्र तिसरीकडून आला. जॅको पास्तोरियस यांची १९७६ सालची पहिली रेकॉर्ड एका मित्राच्या घरी ऐकली. फ्रेट काढून टाकलेला फेंडर जॅझ बेस, उघड्या लाकडावर इपॉक्सीचा कडक थर, राउंडवाउंड तारा, आणि बहुतेक सगळा आवाज ब्रिजजवळच्या पिकअपचा. सूर लागतो, मग आतून फुलतो. अंकलना तो आवाज मुळीच आवडला नाही. मला मात्र तो ओळखीचा वाटला, आणि का वाटला ते तंबोरा जुळताना बघून कळलं. फ्रेटलेस बेसवर कंप पावणारी तार लाकडाला अगदी हलकीच घासते, आणि ते घासणंच सुरातले वरचे स्वरांश जागे करतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते तिथं जवारीचं कामही हेच आहे.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावातल्या कारागिरांकडे जवारी काढून घ्यायला गेलेला गवई खुली हवी की बंद हवी, हे आधी सांगतो. कुणाला मोकळा, झणझणीत नाद हवा असतो, कुणाला मिटलेला. नंतर घोडीवरचा दोरा केसभर पुढं-मागं सरकवत नाद कुठं थांबवायचा, हे तो स्वतःचा षड्ज लावून ठरवतो. स्वतःच्या आवडीचा टोन शोधण्याची इतकी बारीक परंपरा आपल्या घरात असताना आम्ही ती बेसला लावून बघितली नव्हती. मी त्यानंतर फ्रेटलेस घेतला, आणि भावगीतांतल्या मींडेला तो जसा साथ देतो तसा दुसरा कुठलाच बेस देत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग १९९० चं दशक आलं. रोलंडचं ऑक्टापॅड १९८५ मधलं. आपल्या ऑर्केस्ट्रांत आणि बेंजो पार्ट्यांत ते आलं आणि आठ रबरी चौकोनांत सगळा ताफा मावला. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवू लागला. आयोजकाला एक माणूस कमी, टेम्पोत एक खोकं कमी. बेस गिटारवाल्यांपैकी कुणी कीबोर्डकडे वळले, कुणी नोकरीत रमले. कीबोर्डचा बेस सुरेल असतो, एकसारखा असतो, पण ढोलकवाल्याकडे बघत तो आवाज आखूड करता येत नाही. त्या काळातल्या लाइव्ह कॅसेट आजही ऐकल्या तर खालचा सगळा भाग एकाच रंगाचा वाटतो. ती दहा-बारा वर्षं मला आवडत नाहीत, एवढंच म्हणतो आणि पुढं जातो.

आताचा काळ मला खरोखर आवडतो, आणि हे मी बरं दिसावं म्हणून म्हणत नाही. अँपेगचा एसव्हीटी १९६९ साली आला तेव्हा ३०० वॉटचं नुसतं हेडच ३५ किलोंच्या वर भरत असे आणि त्याच्या जोडीला आठ दहा-इंची स्पीकरचं भलंमोठं खोकं. आज तेवढ्याच किंवा जास्त ताकदीचं हेड तीन किलोंच्या आसपास मिळतं आणि झोळीत मावतं. लातूरच्या मुलाला साध्या मोबाइलच्या किमतीत सरळ नेकचा, सुरात राहणारा, दोन पिकअपचा बेस घरपोच येतो. मला तसा पहिला बेस मिळायला किती वर्षं वाट बघावी लागली! तारांचे संच फ्लॅट, राउंड, नायलॉन चढवलेले, सगळे मिळतात. जेमर्सन यांची बेसलाइन एकटी वेगळी काढून ऐकता येते. मुंबईत वाढलेली, वडीलही बेस वाजवणारे असलेली मोहिनी डे आज जगभर वाजवते. तिचा हात ऐकला की या पिढीला काय काय लवकर मिळालं ते कळतं. मिळालं ते चांगलंच झालं.

चुकतं ते वेगळ्या ठिकाणी. मुलगा रात्री खोलीत इअरफोन लावून टोन तयार करतो. खालचा पट्टा वाढवतो, कारण कानात तो गोड लागतो. वरची चमक वाढवतो, कारण बोटांचा प्रत्येक बारकावा ऐकू येतो. मधला भाग खाली आणतो, कारण एकट्यानं ऐकताना तो बोचतो. तयार झालेला आवाज खरोखरच सुंदर असतो. दोन दिवसांनी तो कॉलेजच्या कार्यक्रमात उभा राहतो. समोर अठरा इंची सबवूफर, ड्रमरचा पायाचा ढोल तिथंच घुमतो आहे. दोन गिटारी आणि झांजांनी वरचा भाग व्यापलेला. उरतो तो मधला पट्टा, आणि तोच त्यानं घरी काढून टाकलेला असतो. लोकांना खाली काहीतरी घरघरतंय एवढंच कळतं. तो मग नवा पेडल घेतो, नवा अ‍ॅम्प शोधतो, पिकअप बदलून घेतो. अशी महागडी खरेदी करून आलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना मधलं बटण थोडं वर करायला सांगतो आणि तबला वाजवणाऱ्या शेजाऱ्याला बोलावतो. बरेचदा तेवढ्यानंच काम भागतं.

आमच्या वेळी कमी होतं म्हणून आम्ही चांगले होतो, असं मी मुळीच मानत नाही. कमतरतेत बोटं सोलवटली आणि कितीतरी गुणी मुलांनी वाद्य सोडलं. फक्त टोन ठरवताना आजूबाजूला माणसं होती. ढोलकवाला, गायिका, मंडळाचा साउंडवाला, शेवटच्या रांगेतले आजोबा, सगळ्यांचा त्यात हात होता. माझ्या खोक्यातला मधला उठाव, मित्राच्या मेलेल्या तारा, अंकलचा स्पंज, यांतलं काहीच एकट्यानं ऐकून निवडलेलं नव्हतं.

तेव्हा ‘कुठला टोन चांगला’ असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, तू कुणाबरोबर वाजवतोस? तबला-ढोलक असेल तर जाड फ्लॅटवाउंड, नेकजवळचा पिकअप, ब्रिजजवळ स्पंजचा तुकडा, आणि अ‍ॅम्पवरचा खालचा पट्टा सरळ ठेव, वाढवू नकोस. एकच गिटार असलेला रॉक बँड असेल तर राउंडवाउंड घे, ब्रिजचा पिकअप उघड, पिक वापरून बघ. भावगीतं, गझला वाजवायच्या असतील आणि कान पक्का असेल तर फ्रेटलेस. आधी तारा बदल, मग हाताची जागा बदल, मग अ‍ॅम्पची बटणं फिरव. बेस सगळ्यांत शेवटी बदल. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी अ‍ॅक्टिव्ह सर्किटं सोयीची असतात, पण पहिल्या बेसला त्यांची गरज नाही.

आणि बेस घ्यायला जाल तेव्हा ढोलक, तबला किंवा ड्रम वाजवणारा एखादा मित्र बरोबर न्या. दुकानात त्याला वाजवायला सांगा, आवाज उघड्या स्पीकरवर ठेवा आणि तुमचं वाजवणं दहा पावलांवरून तिसऱ्या माणसाला ऐकू द्या. दुकानदारांनाही माझी कळकळीची विनंती आहे : गिटारींच्या विभागात एक साधा ढोलक ठेवा. तो विकायचा नाही, गिऱ्हाइकाला बेस निवडताना वाजवता यावा म्हणून ठेवायचा.